झोप कुणाची मोजली?

"काल रात्रभर डोळ्याला डोळा नाही गं," असं आपल्या बायका सांगतात, आणि शेजारची कन्नड बाई दिसली की तेच "निद्दि बरलिल्ल" म्हणून सांगतात. उत्तर मात्र दोन्ही भाषांत एकच मिळतं. "तुम्ही काळजी फार करता!" पाळीच्या आधीचे चार दिवस असोत की पंचेचाळिशीनंतरच्या घामेजल्या रात्री असोत, काळजीच्या खात्यावर टाकलं की घरचे मोकळे. या उत्तराचा मला मनापासून राग येतो. झोपेच्या संशोधनाविषयी थोडं वाचलं तेव्हा कळलं, की प्रयोगशाळेनेही बाईची रात्र बरीच वर्षं बाजूलाच ठेवली होती.

झोपेचे पुष्कळ प्रयोग उंदरांवर होतात, आणि ते उंदीर वर्षानुवर्षं बहुतेक नरच असत. कारण ऐकण्यासारखं आहे. मादीचं चक्र चार-पाच दिवसांचं, हार्मोन सारखे वर-खाली होणार, मग मापं बिघडतात म्हणे. नर बिचारा रोज सारखा! ॲनालीस बीरी आणि अर्विंग झकर यांनी २०११ साली जीवशास्त्राच्या दहा शाखांचा हिशेब मांडला. आठ शाखांत नरांकडे झुकतं माप निघालं. मेंदूविज्ञानात केवळ मादीवरच्या एका अभ्यासामागे केवळ नरांवरचे साडेपाच होते. पुढे २०१४ साली झकर आणि सहकाऱ्यांनी २९३ शोधनिबंध तपासले, तर मादी उंदरांची मापं नरांपेक्षा अधिक अस्थिर नव्हतीच. म्हणजे सबबही पोकळ.

बरं, ज्यांनी माद्या घेतल्या त्यांना काय दिसलं? उंदीर निशाचर. दिवसा झोपतो, रात्री जागतो, पण रात्रीही मधूनमधून डुलक्या काढतो. पांढऱ्या उंदराच्या मादीचं बीज सुटायची वेळ येते, त्या रात्री या डुलक्या कमी होतात. बुबुळं हलतात ती स्वप्नांची झोप तर फारच घटते. अंडाशय काढले की हा चढउतार नाहीसा होतो, आणि बाहेरून इस्ट्रोजेन दिलं की झोप पुन्हा घटते. खरी गंमत पुढेच आहे. मेरीलँड विद्यापीठात जेसिका माँग यांच्या प्रयोगशाळेने तेच इस्ट्रोजेन वृषण काढलेल्या नरांना दिलं, तर त्यांच्या झोपेवर तसा परिणाम झाला नाही. जन्मल्याबरोबर नरांचं हार्मोन दिलेल्या माद्याही मोठेपणी नरांसारख्याच वागल्या. तेव्हा प्रश्न नुसत्या रक्तातल्या हार्मोनचा नाही, तो झेलणारा मेंदूच जन्माच्या सुमारास वेगळा घडतो.

उंदरीण म्हणजे बाई नव्हे, हेही खरं. तिला आपल्यासारखी पाळी येत नाही. शिवाय तिथे इस्ट्रोजेन वाढलं की झोप कमी होते, आणि आपल्याकडे पाळी जाताना ते उतरतं तेव्हा झोप मोडते, अंगातून वाफा निघतात. सरळ जोडणी लावायला गेलं तर फसगत होईल. पण शरीराच्या या चक्राचा झोपेशी संबंध आहे, एवढं त्या मुक्या जीवाने दाखवून दिलं.

दुर्लक्षाची किंमत औषधात दिसते. झोल्पिडेम ही झोपेची गोळी अमेरिकेत १९९२ साली मंजूर झाली. बायकांच्या शरीरातून ती सावकाश उतरते. दहा मिलिग्रॅमची गोळी घेऊन आठ तास झाल्यावरही सुमारे १५ टक्के बायकांच्या रक्तात गाडी चालवणं धोक्याचं ठरावं इतकं औषध उरत होतं, पुरुषांत हे प्रमाण ३ टक्के. तिथल्या औषध प्रशासनाने बायकांसाठी शिफारशीचा डोस निम्मा करायला सांगितला तो २०१३ मध्ये. वीस वर्षं गेली मधे! अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने प्राण्यांवरच्या प्रयोगांतही नर-मादी दोन्हींचा विचार हवा, असा नियम २०१६ पासून लागू केला.

आपल्या घरात भिंतीवरच्या कॅलेंडरावर दुधाचा हिशेब असतो, गॅसची तारीख असते. मी ओळखीच्या बायकांना सांगते, झोप न लागलेल्या रात्रीवर एक फुली करा आणि पाळीच्या तारखेवर गोल. दोन-तीन महिन्यांची ती पानं डॉक्टरांपुढे ठेवा. आणि सोबत नवरा आला असेल, तर त्यालाही बघू द्या.