आईची सायकल

व्यायामाची जुनी सायकल चालू असली की सगळ्या घराला कळतं. बिडाचं जड चाक घरघरतं, त्यावर आवळलेला फेल्टचा पट्टा एका लयीत घासत राहतो. त्या लयीवरून मला आतल्या खोलीत बसूनही समजतं, आज आईचे गुडघे कसे आहेत ते. म्हणून ती करकरायला लागली तेव्हा ‘भंगारात द्या, नवी घ्या’ हा सल्ला मला पटला नाही.

या जुन्या सायकलींत लपवाछपवी नसते. नॉब पिळला की पट्टा आवळतो, घर्षण वाढतं, पायांना जोर लागतो. पट्टा घासून गुळगुळीत झाला की मधूनच निसटतो आणि गुडघ्याला झटका बसतो. तेवढं काम मोची करून देतो. बाकीचं नाक्यावरच्या सायकलवाल्याचं.

आमच्या सायकलवाल्या काकांनी डावं पेडल खोललं ते पाहण्यासारखं होतं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. एरवी ज्या दिशेने आपण आवळतो, त्या दिशेने ते सुटतं. साधे आटे असते, तर पाय मारता मारता ते आपोआप ढिलं होत गेलं असतं. हे ठाऊक नसलेला माणूस पान्यावर जोर लावतो, आटे मरतात आणि अख्खा क्रँक बदलावा लागतो. काकांनी छर्रे रॉकेलमध्ये धुऊन तळहातावर घेतले, उजेडाकडे धरून फिरवले. काहींना बारीक खड्डे पडले होते. त्यांनी सगळेच बदलले, कारण झिजलेल्यांत नवे मिसळले की सारा भार नव्यांवर येतो. मग ताजं ग्रीस. त्याचा वास दुपारभर हाताला होता, आणि मला तो फार आवडतो.

ट्रेडमिलचं गणित वेगळं. पट्टा आणि त्याखालची फळी यांच्यात सिलिकॉन तेल नसेल तर मोटरला जास्त करंट ओढावा लागतो, ती तापते आणि शेवटी बोर्ड जळतो. बाटलीभर तेलाचा आळस असा महागात पडतो. मोटरचे कार्बन झिजले असतील तर ते जरूर बदलावेत, खर्च किरकोळ असतो. बोर्डच गेला असेल तर मात्र त्या पैशात दुसरं काय येतं ते आधी पाहावं.

दोन ठिकाणी काटकसर करूच नये. ताणून व्यायाम करायचा रबरी पट्टा भेगा पडून तुटला की थेट तोंडावर येतो. आणि मुद्गलाच्या मानेला चीर गेली असेल तर त्याला निरोप द्यावा. खिळा ठोकून तो फिरवणाऱ्याशी मी भांडले आहे. धड मुद्गलाला मात्र जवसाचं तेल एवढंच लागतं. बडोद्याहून द. चिं. मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे १० खंड काढले; असल्या साध्या साधनांवर किती मोठी विद्या उभी आहे, ते त्यातून दिसतं.

लोखंडी डंबेल पुण्याच्या जुन्या बाजारातून, बुधवारी नाहीतर रविवारी जाऊन, खुशाल घ्यावेत. गंज वरवरचा असतो. पॉलिशपेपर आणि रेड ऑक्साईड पुरतं. जुनी सायकल घ्यायची असेल तर नॉब पूर्ण आवळून चांगली घाम येईपर्यंत चालवून बघा. आणि विकणाऱ्याला विचारा, हिचा पट्टा कुठे मिळतो.