पाहुण्यांचे पाहुणे

यजमानास काय काय लागते, याचा हिशेब आम्ही पुष्कळ वर्षे केलाच नव्हता. राहावयास दोन खोल्या, चुलीवर चहाचे आधण आणि चेहऱ्यावर थोडेसे हसू एवढ्या भांडवलावर आतिथ्य निभावते, अशी आमची भाबडी समजूत होती. परंतु रात्री अकरा वाजता ज्याला शेजारच्या घरातून दोन गाद्या मागता येतात, कोपऱ्यावरचा वाणी ज्याला दूध उधार देतो, आणि पाहुण्याच्या पोटात दुखू लागले तर कोणत्या डॉक्टरचे दार ठोठवावे हे ज्याला विचारावे लागत नाही, तोच खरा यजमान. त्याची अर्धी सामग्री घराबाहेर गल्लीत असते. हे ज्ञान आम्हांस झाले तेव्हा आमच्यापाशी घर होते, चहा होता, हसूही होते. गल्ली मात्र परक्याची होती.

२०१६ च्या शरदात आम्ही सहकुटुंब बीजिंगला गेलो. तेथील एका विद्यापीठात दोन वर्षे इंग्रजी वाङ्मय शिकविण्याचे काम पत्करले होते. परदेशी गेलेल्या मनुष्यास पहिल्या हिवाळ्यात जी एक विचित्र व्याधी जडते तीच आम्हांसही जडली. जो भेटेल त्यास, व जो न भेटेल त्यास पत्र पाठवून, ‘अवश्य या, घर आपलेच आहे’ असे आम्ही सांगत सुटलो. घर विद्यापीठाचे, नगर चिन्यांचे आणि आमंत्रण आमचे! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे ते याहून निराळे काय असावे? आमच्या चिनी भाषेचे वैभव म्हणाल तर साऱ्या मिळून चाळीस शब्दांचे होते, आणि त्यांतील निम्मे आकडे होते.

आमच्या समोरच्या बिऱ्हाडात एक वृद्ध गृहस्थ राहत. शाळेत भूगोल शिकविण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांचे नाव येथे देत नाही. सारा जिना त्यांस ‘लाओशी’ म्हणजे गुरुजी म्हणे, आणि आम्हीही तेच म्हणत असू. मौज अशी की तेही आम्हांस लाओशीच म्हणत. दोन मास्तर एकमेकांस गुरुजी म्हणून जिन्यात थांबत, हसत आणि पुढे बोलण्यास शब्द नसल्यामुळे आपापल्या दारात शिरत. त्यांची नात कॉलेजात जाई व इंग्रजी बोले. ती घरी असली म्हणजे आमचा स्नेह व्याकरणशुद्ध होई.

आमच्या आमंत्रणास खरा मान दिला तो सोलापूरच्या एका बालमित्राने. हे व्यवसायाने डॉक्टर. २०१७ च्या जुलैत पत्नीसह येण्याची त्यांनी तिकिटे काढली आणि इकडे जूनच्या मध्यास डोकलामच्या पठारावर दोन्ही देशांच्या फौजा समोरासमोर उभ्या ठाकल्या. सोलापुरात त्यांच्या नातेवाइकांनी गहजब केला. ‘अशा दिवसांत कोणी चीनला जातो काय?’ डॉक्टरांनी आम्हांस फोन करून विचारले, “काय रे, येऊ ना?” आम्ही म्हटले, “ये की! येथे सर्व ठीक आहे.” हे उत्तर आम्ही कशाच्या बळावर दिले ते आम्हांसच ठाऊक नव्हते. वर्तमानपत्र आम्हांस वाचता येत नव्हते, एवढेच त्यामागचे बळ.

पाहुणे आले, आणि चहा ओठांना लागतो न लागतो तोच त्यांस घेऊन आम्हांस पोलीस ठाण्यात जावे लागले. त्या देशाचा नियम असा की परदेशी मनुष्य हॉटेलाऐवजी कोणाच्या घरी उतरला, तर चोवीस तासांच्या आत त्याची नोंद जवळच्या ठाण्यात करावयाची. नियम सरळ आहे आणि सर्वांस सारखा आहे. परंतु ज्या देशातून आम्ही आलो तेथे पाहुणा आला म्हणून पोलिसात वर्दी देण्याची चाल नाही! वहिनींचा चेहरा उतरला. त्यातून घराच्या करारपत्राची जी प्रत हवी ती आमच्यापाशी नव्हती. आम्ही चाळीस शब्दांनिशी लढत असता लाओशी नातीला घेऊन हजर झाले. तिने जिन्यात आमची गडबड पाहिली होती. ते खिडकीशी गेले, दोन-चार वाक्ये बोलले, घरी जाऊन विद्यापीठाच्या कचेरीतून कागद आणविला, आणि तासाभरात आमच्या पाहुण्यांचा त्या नगरात अधिकृत प्रवेश झाला. वाटेत डॉक्टर हळूच म्हणाले, “प्रोफेसर, आम्ही नक्की कोणाकडे उतरलो आहोत?” आम्ही हसण्यावारी नेले खरे, पण प्रश्न मनात राहिला.

पुढल्या दहा दिवसांत त्याचे उत्तर आम्हांस पदोपदी मिळत गेले. जुलैच्या उकाड्यात आपण पाहुण्यास थंड पाणी देतो. लाओशींच्या घरी उकळते पाणी पुढे आले. डॉक्टरांनी पेल्यात डोकावून पाहिले व चहाची पत्ती घालावयाची राहिली असावी अशी शंका आम्हांस कानात सांगितली. त्या देशात गरम पाणी हेच आदराचे पाणी, हे समजल्यावर त्यांनी वैद्यकीय दृष्टीने त्याचे समर्थनही केले. वहिनींची एकादशी आली तेव्हा आमचे कुटुंब काळजीत पडले. पण लाओशींच्या पत्नीने बाजारात नेऊन साबुदाणा दाखविला. चिनी लोक त्याचे गोड पदार्थ करतात. शेंगदाणे आणि बटाटे तर त्या देशात उदंड! त्या दिवशी बीजिंगच्या चौथ्या मजल्यावर जी खिचडी झाली, तिचा एक वाडगा समोरच्या घरी गेला, आणि रिकामा वाडगा परत न देण्याची रीत तेथेही असल्याचे संध्याकाळी कळले. त्यात टरबुजाच्या फोडी होत्या. लोणच्याची बरणी ज्या मातीची तिला आपण चिनी माती म्हणतो, आणि ‘चहा’ हा शब्दच मुळी त्यांच्या ‘चा’चा वंशज आहे. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात हा शेजारी आपल्या आज्यापणज्यांच्या काळापासून बसलेला आहे. ओळखदेख तेवढी राहून गेली होती.

महाभिंत पाहणे अर्थातच झाले. चंद्रावरून ती दिसते काय, असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा भूगोलाच्या मास्तरांस फार आनंद झाला. २००३ मध्ये त्यांचा पहिला अंतराळवीर यांग लिवेइ पृथ्वीभोवती फिरून आला आणि आपल्याला भिंत दिसली नाही असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले, ही हकीकत त्यांनी आम्हांस वर्गात सांगावी तशी सांगितली.

परंतु डॉक्टरांचे मन भिंतीत नव्हते. ते ज्या कामासाठी आले होते ते त्यांनी तिसऱ्या दिवशी सांगितले. त्यांस डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या समाधीचे दर्शन घ्यावयाचे होते. कोटणीस मूळचे सोलापूरचे. १९१० चा त्यांचा जन्म. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीस १९३८ मध्ये काँग्रेसने जे पाच डॉक्टर पाठविले, त्यांत अटल, चोळकर, बसू व मुखर्जी यांच्यासह हा अठ्ठावीस वर्षांचा तरुण होता. बाकीचे पुढेमागे परतले. कोटणीस मात्र राहिले, चिनी भाषा शिकले, बेथून शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, कुओ छिंगलान या परिचारिकेशी विवाहबद्ध झाले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्याने तेथेच वारले. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता. त्याच्या ‘यिनहुआ’ या नावात भारत आणि चीन ही दोन्ही नावे गुंफलेली होती. सोलापुरात त्यांच्या घराचे आज स्मारक झाले आहे, आणि आमच्या मित्राचे बालपण त्याच गावात गेलेले.

लाओशींस ‘कोटणीस’ हा शब्द समजेना. नातीने फोनवर काहीतरी शोधून दाखविले, आणि त्यांचा चेहरा एकदम पालटला. “के दिहुआ!” ते म्हणाले. हे कोटणीसांचे चिनी नाव. मग त्यांनी डॉक्टरांकडे बोट दाखवून विचारले, “त्याच गावचे?” होय म्हणताच त्यांनी डॉक्टरांचा हात दोन्ही हातांत धरला व बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सर्व शिच्याच्वांगला गेलो. बीजिंगहून ते शहर सुमारे २८० किलोमीटर. जलद गाडीने दीड तासाच्या आत पोहोचविले. तेथील हुतात्म्यांच्या उद्यानात कॅनडाचे डॉ. बेथून आणि आमचे कोटणीस, दोघांच्याही समाधी आहेत. फुले लाओशींनी घेतली, आणि पैसे देण्यावरून फुलवालीसमोर आमची त्यांची चांगलीच हातघाई झाली. तीत ते जिंकले. समाधीपुढे त्यांनी तीनदा कमरेत वाकून वंदन केले. डॉक्टरांनी हात जोडले. कोणी काही बोलले नाही. त्याच वेळी हिमालयाच्या एका पठारावर दोन्हीकडचे तरुण शिपाई पावसात एकमेकांसमोर उभे असतील हे आम्हां सर्वांच्याच मनात आले असावे. परत फिरताना लाओशी नातीला काही म्हणाले. तिने क्षणभर थांबून त्याचे इंग्रजी केले, “आजोबा म्हणतात, हा आमचा पाहुणा होता. आम्ही त्याला त्याच्या आईकडे परत पाठवू शकलो नाही.”

पाहुण्यांच्या निरोपाच्या दिवशी डॉक्टरांनी बॅगेतून सोलापुरी चादर काढून लाओशींस दिली. तीन वेळा ‘नको नको’ झाले, तेव्हा कोठे घेतली. ही रीतही आपलीच! जिन्याच्या दारापर्यंत पोहोचवून ते म्हणाले, “मान झौ.” सावकाश जा, असा याचा अर्थ. पुढल्या वर्षी आम्ही कायमचे परतलो तेव्हाही ते हेच म्हणाले, आणि आम्ही मराठीत म्हणालो, “येतो.” आपल्याकडे ‘जातो’ म्हणत नाहीत, हे आम्ही त्यांस नातीकरवी समजावून सांगितले. ते फार खूश झाले. मग आम्ही आग्रहाने म्हटले, “आता तुम्ही आमच्या घरी यावयाचे.” या वेळी ‘आमचे घर’ हे शब्द आम्ही हक्काने उच्चारले, कारण नेरूळचे हे घर खरोखरच आमचे आहे. आता हे नवे नगरही १९७० नंतर आगरी-कोळ्यांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर उभे राहिले, तेव्हा येथे तरी आम्ही यजमान कितपत, हा प्रश्न आहेच. पण गाद्या मागता येतील अशी गल्ली येथे आम्हांस आहे.

यापुढची हकीकत सांगताना लेखणी अडखळते. १५ जून २०२० रोजी गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान धारातीर्थी पडले. त्या वीस घरांच्या दुःखापुढे आमच्या स्नेहाची गोष्ट ती काय! आमच्या सोसायटीत चिनी माल वापरू नये असा ठराव आला आणि आम्ही इतरांबरोबर हात वर केला. तीन-चार दिवसांनी फोनवर लाओशींचा निरोप आला. इंग्रजीत एकच ओळ होती, ‘घरची सर्व मंडळी कुशल आहेत ना?’ त्यांस साथीबद्दल विचारावयाचे होते की दुसऱ्या कशाबद्दल, हे त्यांनी लिहिले नव्हते. आम्ही उत्तर दिले नाही. उद्या देऊ, म्हटले. कोणी आमच्या खांद्यावरून फोन पाहत नव्हते. तरी कोणी पाहील अशी भीती वाटली. २९ जूनला सरकारने ५९ चिनी अ‍ॅपांवर बंदी घातली. ज्या अ‍ॅपवर तो निरोप आला होता तेही त्यांत होते. वाट बंद झाली, आणि खरे सांगावयाचे तर मनातल्या मनात आम्हांस सुटल्यासारखे वाटले.

त्यास देशाभिमान म्हणण्याचा प्रयत्न आम्ही पुष्कळ दिवस केला. तो टिकला नाही. टपालाने पत्र घालता आले असते. पत्ता पाठ होता. उरणच्या रस्त्याने न्हावाशेव्याच्या बंदरातून निघालेले, चिनी अक्षरांचे मोठाले कंटेनर रोज दिसत. माल येत होता, पैसे जात होते. एका म्हाताऱ्या मास्तरास ‘आम्ही कुशल आहोत’ एवढेच कळविणे काय ते आम्हांस जड झाले होते. डोकलामच्या दिवसांत समोरचे दार उघडून आमच्या पाहुण्यांसाठी ठाण्यात येताना, जिन्यातले लोक काय म्हणतील याचा विचार त्यांनीही केला असेलच. केला असेल आणि तरी आले असतील.

२०२५ च्या जुलैत आपल्या सरकारने चिनी प्रवाशांस पुन्हा व्हिसा देण्यास आरंभ केला, आणि ऑक्टोबरात दोन्ही देशांतील थेट विमाने पाच वर्षांनी सुरू झाली. त्या आठवड्यात आम्ही पत्र लिहिले. एका जुन्या विद्यार्थिनीने ते चिनीत उतरवून दिले. उशिराची क्षमा मागितली, कारण मात्र दिले नाही. ते समोर बसून सांगावयाचे आहे. लाओशी आता ऐंशीच्या पुढे असतील. असतील, अशी आशा आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.

सोलापूरला फोनवर हे सारे सांगितले, तेव्हा डॉक्टर बराच वेळ गप्प राहिले. आठ दिवसांनी त्यांच्याकडून एक पार्सल आले. त्यातली नवी चादर आमच्या कुटुंबाने आतल्या खोलीतील पलंगावर घातली आहे, आणि उशाशी गरम पाण्याचा थर्मास आणून ठेवला आहे.