आमची कापडी होडी

आमचे गाव नाशिक रोडपासून जवळच, दारणा नदीच्या काठी आहे. वर इगतपुरी तालुक्यात दारणा धरण आहे. ते १९१६ साली बांधले. पावसाळ्यात धरणाचे पाणी सोडले की आमची नदी दोन्ही काठ भरून वाहते.

माझे वडील मासे धरतात. त्यांना आम्ही दादा म्हणतो. आमची लाकडी होडी कुजली होती. नवी घ्यायला पैसे नव्हते. जाळे नुसते खुंटीला टांगून राहिले होते. मग दादांनी बांबूची होडी करून तिला कापड लावायचे ठरवले. शेजारचे आजोबा हसले. म्हणाले, "कापडाची होडी कुठं असती व्हय?"

मी शाळेत गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, "असते तर! हंपीजवळ तुंगभद्रा नदीत टोपलीसारख्या गोल होड्या चालतात. पूर्वी त्यांना कातडे लावत. उत्तरेकडच्या बर्फाच्या प्रदेशात इन्युइट लोक सीलच्या कातड्याच्या होड्या करत आणि ते कातडे बायका शिवत." हे ऐकून मला फार आनंद झाला, कारण आमच्या होडीचे कापड आई शिवणार होती.

दादांनी बांबूच्या कामट्या वाकवून सांगाडा केला. तो माशाच्या काट्यासारखा दिसत होता. सांगाडा पालथा घालून त्यावर जाड सुती कापड टाकले. आईने दाभण घेतला, दोऱ्याला मेण लावले आणि मधोमध सुरुवात केली. एक टाका डावीकडे, एक उजवीकडे. एकाच बाजूने शिवत गेले तर कापडाला झोळ पडतो. मी कापड ओढून धरत होते. माझी बोटे लाल झाली. शिवण वरच्या काठालाच ठेवली, कारण दाभणाच्या भोकातून पाणी शिरते. दोन्ही टोकांना कापड दुमडून दुहेरी शिवले.

मग आईने सगळ्या कापडावर पाणी शिंपडले. मी म्हटले, "आई, भिजवतेस कशाला?" आई म्हणाली, "अगं, तुझा नवा सदरा धुतल्यावर आखूड झाला होता ना? तसंच हे आटंल आन् तंग बसंल." खरेच तसे झाले! वाळल्यावर मी टिचकी मारली तर हलगीसारखा आवाज आला.

नंतर दादांनी गरम डांबराचे दोन हात दिले. तेव्हा आम्हा मुलांना लांब बसवले होते. डांबर सुकल्यावर होडी दोन दगडांवर ठेवून आत पाणी ओतले. एका टोकाला थेंब दिसला. मी तिथे खडूने खूण केली. दादांनी तिथे ठिगळ लावले.

पाऊस सरल्यावर नदी शांत झाली. दादा होडी घेऊन निघाले. त्यांनी कमरेला ट्यूब बांधली होती. आई काठावर उभी होती. ती काहीच बोलत नव्हती. दादा पलीकडे जाऊन परत आले. होडीचा तळ आतून कोरडा होता! त्या दिवशी जाळे पुन्हा पाण्यात पडले आणि संध्याकाळी घरात माशांचे कालवण शिजले.

मुलांनो, मोठी माणसे बरोबर असल्याशिवाय होडीत बसू नका. मीसुद्धा बसत नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारचे आजोबा आले. होडीवरून हात फिरवून आईला म्हणाले, "पोरी, माझी होडी बी गळती. तिला लावशील का असं कापड?"

आई म्हणाली, "लावीन की. कापड तेवढं तुम्ही आणा."

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी