एका मुलाचा दिवस

कादंबरी शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे एक प्रश्न विचारत आलो आहोत : या पात्राचा स्वभाव कसा आहे? उत्तरपत्रिकांतून हट्टी, सोशिक, मानी अशी विशेषणे येतात आणि आम्ही गुण देतो. या प्रश्नाविषयी आमच्या मनात शंका निर्माण केली ती एका मानसशास्त्रीय ग्रंथाने : रॉजर बार्कर आणि हर्बर्ट राइट यांच्या ‘वन बॉइज डे’ने (१९५१).

बार्कर यांनी १९४७ साली अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, ऑस्कालूसा या लहानशा गावात, संशोधन केंद्र उघडले आणि तेथेच बिऱ्हाड केले. रसायनशास्त्रज्ञाला मूलद्रव्ये निसर्गात कोठे आढळतात हे ठाऊक असते. मुलांना मात्र प्रयोगशाळेत आणून तपासले जाते, घरीदारी ती दिवसभर काय करतात याची नोंद नसते, ही त्यांची खंत होती. म्हणून २६ एप्रिल १९४९ रोजी, सात वर्षांच्या एका मुलाबरोबर सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत आठ निरीक्षक पाळीपाळीने राहिले. त्या एका दिवसाचे चारशेहून अधिक पानांचे पुस्तक झाले.

पाळ्या लहान, कारण नजर थकते. पाळी संपताच टिपणांवरून सारे सांगायचे, सहकाऱ्याने ऐकून उलटतपासणी करायची. हे सारे शिस्तीचे झाले. आम्ही रेंगाळलो ते भाषेपाशी. नोंद रोजच्या बोलीत हवी होती. मुलाचा हेतू वा भावना कोणाही पाहणाऱ्याला दिसेल इतपतच लिहायची, पंडिती अर्थ वेगळा ठेवायचा. म्हणजे ‘त्याने रागाने दार लोटले’ चालेल. ‘वडिलांविषयीच्या दडपलेल्या रागाने लोटले’ चालणार नाही. (उदाहरण आमचे.) हा फरक आमच्या किती समीक्षकांना जपता येतो? असो.

आम्ही वर्गाला एसटी स्थानकावर दहा मिनिटे पाहून लिहायला सांगितले. दोघांनी योगायोगाने एकाच बाईंविषयी लिहिले. एकाने : ‘चिंतातुर स्त्री’. दुसरीने : ‘पिशवी तीनदा उघडली, तीनदा बंद केली, फलाटावरची पाटी वाचली, पुन्हा पिशवी.’ निरीक्षकांची एकवाक्यता संशोधक का मोजतात, हे वर्गाला वेगळे सांगावे लागले नाही. पिशवी किती वेळा उघडली हे दोघांना ताडून पाहता आले असते. चिंता कोठून मोजायची?

अशा नोंदींतून बार्कर ज्या निष्कर्षाला पोहोचले तो साहित्याच्या माणसाला अस्वस्थ करणारा आहे. एकच मूल वर्गात, चर्चमध्ये, दुकानात निरनिराळे वागते. निरनिराळी मुले मात्र एकाच ठिकाणी बरीचशी सारखी वागतात. त्यांनी या ठिकाणांनाच अभ्यासाचे एकक मानले. स्वभाव नसतोच, असे यातून सिद्ध होत नाही. एका दिवसाच्या नोंदीवरून तर नाहीच. पण नोंदीत आधीच ‘हट्टी’ लिहिले असते, तर ठिकाणाचा हा वाटा दिसलाच नसता. ‘ती सोशिक आहे’ असे उत्तर आले, की आता आम्ही विचारतो : कोठे? माजघरात, की विहिरीवर?

एक गोष्ट मात्र आम्हांला टोचते. पुस्तकात त्या मुलाचे नाव बदललेले आहे. पण आपला दिवस ग्रंथालयांतून कायमचा राहणार, हे सात वर्षांच्या पोराला काय कळणार? आमच्या वर्गातही एका मुलीने विचारले, ‘त्या बाईंना विचारायला नको होते का?’ सार्वजनिक जागी, नावगाव न टिपता पाहण्यास संशोधनाचे नियम बहुधा मुभा देतात, असे आम्ही सांगितले. तिचे समाधान झाले नाही. तिने आपले टिपण वाचून दाखवले, पण वहीत राहू दिले नाही.