वाळवी न लागणारी चौकट

आमच्या पिढीच्या खानदेशी माणसाने आयुष्यात दारं फार वाजवली, तीही स्वतःच्याच घराची. पावसाळा तोंडावर आला की चौकटीवर बोटाच्या पेराने टकटक करत खालून वर जायचं. भरीव आवाज आला तर पुढे सरकायचं, पोकळ आला तर सगळ्यांनी एकमेकांकडे बघायचं. मग खिळ्याने टोचलं की वरचा ऑइलपेंट शाबूत आणि आतलं लाकूड फस्त! भिंतीवरून चढलेली मातीची बारीक नळी आईला सगळ्यांत आधी दिसायची. ती खराट्याने पाडायची, भोकात रॉकेल सोडायची, आणि आठवड्याने नळी पुन्हा तिथेच.

आता जळगाव-धुळ्याच्या नव्या वसाहतींत डब्ल्यूपीसीची चौकट बसते. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक गरम करून एकजीव केलेली. तिला टकटक करायची गरज नाही, म्हणून कुणी करतही नाही.

जुनी लाकडं पिढ्यान्‌पिढ्या टिकायची, असं आम्ही नातवंडांना सांगतो. ही शुद्ध थाप आहे. साग होता तो वाड्यांत. आमच्या धाब्याच्या घरांत कडुनिंब, बाभूळ, जे मिळेल ते. सागातही टिकतो तो गाभा. त्यातलं टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य वाळवीला मानवत नाही. भोवतीचं पांढरं लाकूड ती खुशाल खाते. दारं सोडा, माळ्यावरची कागदपत्रंही तिने सोडली नाहीत. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले. जन्मभर गावोगावची दप्तरं धुंडाळणाऱ्या या माणसाच्या हाती लागलं ते वाळवी-कसरीच्या तोंडून सुटलेलंच.

तरी आठवतं ते वेगळंच. आखाजीला लेकी माहेरी यायच्या आत दारांना जवसाचं तेल लागायचं, आणि दोन दिवस घरभर तोच वास. श्रावणात दार फुगून अडलं की सुतारकाकांना निरोप जायचा. ते सांगितलेल्या दिवशी कधीच आले नाहीत. आले की रंध्यातून कागदासारखे पापुद्रे सुटायचे आणि आम्ही पोरं ते कानात अडकवून मिरवायचो. वखारीतून पोत्याने आणलेला भुसा शेगडीत जायचा. मधोमध बाटली उभी धरायची, भोवती भुसा ठासायचा, मग बाटली अलगद फिरवून वर काढायची. भोक ढासळलं तर पहिल्यापासून सुरुवात. साधलं तर सकाळभर पाणी तापायचं, आणि आई सकाळभर खोकायची. हे दुसरं आम्ही सांगताना गाळतो.

तोच भुसा आता दारात बसतो. त्याच्या कणाकणाला प्लास्टिक लपेटलेलं, त्यामुळे वाळवीला ना ओल मिळते ना खाणं. फार तर ती वरवर कुरतडते. सतरंजीच्या जागी प्लास्टिकची चटई अंथरणाऱ्या, किंबहुना ती देशभर विकणाऱ्या जळगावाला या दाराचं नवल वाटण्याचं कारण नाही.

पण आपलं ऊन अजून आहे तसंच आहे. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. अतिनील किरणांनी प्लास्टिकचा वरचा थर फुटतो, भुशातलं लिग्निन विरतं, रंग उडतो, हात लावला तर पांढरी भुकटी लागते. कापलेली कड उघडी राहिली तर तिथून ओल शिरते, मग बुरशी. शिवाय प्लास्टिक उष्णतेने लांबीला वाढतं. जुनं दार श्रावणात अडायचं; नवं अडलंच तर वैशाखात. आणि ते अडलं तर रंधा घेऊन येणारे काका नाहीत. ‘बदलून टाका’ म्हणणारा मुलगा आहे, आणि तो सांगितलेल्या वेळेवर येतो.

लाकडाची चौकट उभी राहायची तेव्हा हळदी-कुंकू, आंब्याचा टाळा, सुताराला टोपी-नारळ असायचं. आता ड्रिल आणि फोमने तासाभरात काम आटोपतं. हळदी-कुंकू तेवढं उरलंय. पुसलं तर डागही राहत नाही.

नवं घर बांधत असाल तर खुशाल डब्ल्यूपीसी लावा. न्हाणीघराला तर तेच लावा. फक्त त्यात लाकूड किती नि प्लास्टिक किती हे दुकानदाराला विचारा, कापलेल्या कडा बंद करून घ्या, वाढायला फट सोडा, आणि पश्चिमेच्या दारावर छज्जा काढायला विसरू नका.