निम्मी दारू

गॅस बारीक केला की दूध उतू जात नाही. गाडी हळू चालवली की मार कमी बसतो. कमी म्हणजे सुरक्षित, हे आपल्या अंगात इतकं मुरलंय की आमच्या नेरूळच्या घरी चुलतभावाने तोच नियम बंदुकीला लावला तेव्हा कुणाला वावगं वाटलं नाही.

गाव सिंधुदुर्गात. आजोबांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. ते गेले, बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. आता भावाला परवाना स्वतःच्या नावावर हवाय. "वानरं फक्त पळवायचीत रे, दारू निम्मीच घालीन."

आजोबांच्या गजावर एक खूण होती. ठासून झालं की ती नळीच्या तोंडाशी यायलाच हवी. म्हणजे गोळी दारूला टेकली. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुटू शकते. दारू निम्मी केली की हीच खूण खोटी पडते: ती तोंडाशी दिसली, तर आत पोकळीच असणार. आजोबा म्हणायचे, "कमी घातलंस म्हणान बंदूक माया करूची नाय."

काडतुसाच्या रायफलीतही तेच, फक्त डोळ्यांना दिसत नाही. तिथे गोळी नळीत घट्ट बसते, तिला ढकलायला पुरेसा दाब लागतो. दारू फार कमी पडली तर 'फुस्स' आवाज होतो आणि गोळी नळीतच अडकते. ते न कळता पुढचा बार काढला की नळी फुगते किंवा फाटते. दुसरा धोका त्याहून विचित्र. सावकाश जळणारी दारू मोठ्या काडतुसात फार थोडी भरली, तर कधीकधी दाब कमी होण्याऐवजी एकदम भडकतो. का, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. म्हणूनच काडतुसं भरण्याच्या पुस्तकांत जास्तीत जास्त मापासोबत कमीत कमी मापही देतात. आपल्याकडे तर १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हाच गुन्हा आहे.

भावाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग पूर्ण घालीन." पूर्ण म्हणजे किती, ते मात्र त्याला ठाऊक नाही. मलाही नाही. आजोबांचं माप त्यांच्या हाताला माहीत होतं, आणि ते कुठे लिहून ठेवलेलं नाही. बंदूक उद्या घरी येईलही. ठासायला शिकवणारा माणूस येणार नाही. मी त्याला कुंपणाच्या खर्चाचा हिशेब पाठवलाय. निम्मे पैसे माझे.