शिल्लक ठेवलेला आवाज

विजेच्या गिटारच्या पिकअपमधून निघणारा संकेत व्होल्टच्या लहानशा अंशाइतका असतो. तो स्पीकरचा पडदा हलवण्याइतका मोठा करणे एवढेच अ‍ॅम्प्लिफायरचे काम, अशा समजुतीने बहुतेक गिटारवादक आपला पहिला अ‍ॅम्प विकत घेतात, आणि हे काम करताना अ‍ॅम्प त्या संकेताचे आणखी काय काय करतो हा प्रश्न त्यांना पुढे कित्येक वर्षे पडत नाही. सोळाव्या-सतराव्या वर्षी हवा असतो तो फाटलेला, गुरगुरणारा आवाज, आणि तो स्वस्तातल्या लहान अ‍ॅम्पमधूनही मिळतो, किंबहुना तिथे जास्त सहज मिळतो. मोठा असूनही न फाटणारा आवाज ही वादकाच्या आयुष्यात उशिरा उद्भवणारी गरज आहे. शेजारी नीट जोर लावून वाजवणारा ड्रमर येऊन बसला आणि त्याच वेळी कॉर्डमधला प्रत्येक स्वर श्रोत्यापर्यंत जावा असे वाटू लागले, म्हणजे ती बहुधा पहिल्यांदा जाणवते.

इतिहासात मात्र हा क्रम उलटा आहे. कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी १९३८ मध्ये रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढणाऱ्या लिओ फेंडर यांना (१९०९–१९९१) गिटार कधीच वाजवता आली नाही, पण कंट्री आणि वेस्टर्न स्विंग वाजवणारे वादक त्यांच्या दुकानात सतत येत, आणि त्या वादकांच्या दृष्टीने फाटलेला आवाज हा निव्वळ दोष होता. त्या काळच्या नृत्यगृहांत ध्वनिक्षेपणाची व्यवस्था गायकापुरतीच, तीही बेताचीच असे. गिटारचा आवाज सभागृहाच्या शेवटच्या टोकापर्यंत पोहोचवायचा तर तो वादकाच्या पाठीमागे ठेवलेल्या पेटीतूनच पोहोचवावा लागे. फेंडर कंपनीच्या ‘ट्विन’ या दोन स्पीकरांच्या अ‍ॅम्पचे चरित्र म्हणजे या एका तक्रारीला वर्षानुवर्षे दिलेले उत्तर होय. १९५२ च्या सुमारास तो साधारण २५ वॅटचा होता, त्याच दशकाच्या अखेरीस ८० वॅटच्या आसपास गेला, आणि १९६३ मध्ये आलेल्या ‘ट्विन रिव्हर्ब’ने ८५ वॅट, बारा इंची दोन स्पीकर, घुमारा देणारा रिव्हर्ब आणि आवाजाला हेलकावे देणारा ट्रेमोलो असे जे रूप घेतले, तेच आजही मोठ्या आणि स्वच्छ आवाजाचे माप मानले जाते.

या अ‍ॅम्पमधले वर्धनाचे काम व्हॉल्व्ह करतात. जुन्या रेडिओच्या पाठीमागे मंद लाल उजेड देणाऱ्या ज्या काचेच्या नळ्या एकेकाळी घरोघरी दिसत, त्यांचेच हे भाईबंद. निर्वात नळीत तापलेल्या कॅथोडपासून निघालेला इलेक्ट्रॉनांचा ओघ मधली तारांची जाळी, म्हणजे ग्रिड, कमीजास्त करते, आणि ग्रिडला दिलेल्या क्षीण संकेताची मोठी प्रतिकृती पलीकडच्या टोकाला मिळते. ट्विन रिव्हर्बमध्ये असे सहा लहान व्हॉल्व्ह संकेताची जडणघडण करतात आणि ६एल६ जातीचे चार मोठे व्हॉल्व्ह शेवटची ताकद पुरवतात. या चारांतली एक जोडी ध्वनिलहरीचा वरचा भाग ओढते, दुसरी खालचा, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर दोन्ही भाग जोडून स्पीकरकडे पाठवतो. व्हॉल्व्हच्या ओढण्याला अर्थातच मर्यादा असते. संकेत त्या मर्यादेपलीकडे मोठा झाला की लहरीचा माथा कापला जातो, आणि कापलेल्या माथ्याची लहर कानाला फाटलेली वाटते. नेहमीच्या वाजवण्याची पातळी आणि ही मर्यादा यांच्यामध्ये उरणाऱ्या जागेला वादक आणि तंत्रज्ञ हेडरूम म्हणतात; मोठा स्वच्छ अ‍ॅम्प घेणारा माणूस खरे तर ही रिकामी जागाच विकत घेत असतो.

हे नीट न कळल्यामुळे वॅटच्या आकड्यांबद्दल पुष्कळ गैरसमज पसरलेले आहेत. ताकद दुप्पट केली तर आवाज अवघा ३ डेसिबलने चढतो, आणि कानाला तो दुप्पट मोठा वाटायचा असेल तर सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. त्यामुळे फेंडरचाच २२ वॅटचा डीलक्स रिव्हर्ब आणि ८५ वॅटचा ट्विन यांच्यात जेमतेम ६ डेसिबलचे अंतर पडते, आणि चौपट वॅट घेऊनही चौपट आवाज का मिळाला नाही याचे नवख्या ग्राहकाला कोडे पडते. परंतु तार जोरात छेडली जाते त्या क्षणीचे शिखर सरासरी पातळीपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहूनही वर सहज जाते, म्हणजे सरासरी ८ वॅट वापरणाऱ्या वादकाला त्या क्षणापुरते ८० वॅट लागतात, आणि ते नसले तर प्रत्येक आघाताचे टोक बोथट होते. उलट स्पीकरकडे जितके लक्ष द्यावे तितके कोणी देत नाही. एका वॅटला एका मीटरवर ९७ डेसिबल देणाऱ्या स्पीकरऐवजी १०० डेसिबल देणारा बसवला, तर अ‍ॅम्पची ताकद दुप्पट केल्याइतकाच लाभ होतो, आणि तोही बहुधा कमी खर्चात.

फाटलेला आवाज काही संगीतांना मानवतो आणि काहींना अजिबात का मानवत नाही, याचे उत्तर आवडीनिवडीपेक्षा गणितात अधिक आहे. लहरीचा माथा कापला गेला की मूळ स्वरांत नसलेली नवी कंपने तयार होतात, आणि दोन स्वर एकाच वेळी वाजत असतील तर त्यांच्या कंपनसंख्यांची बेरीज-वजाबाकीही आवाजात येऊन बसते. षड्ज २०० कंपनांवर आणि पंचम ३०० वर धरला तर वजाबाकी १०० येते, आणि हा तर खालच्या सप्तकातला षड्जच होय. म्हणून रॉक संगीतातली षड्ज-पंचमाची दोन स्वरी कॉर्ड कितीही फाडली तरी कोसळत नाही, उलट तिला खालून आधार मिळतो. आता पंचमाच्या जागी गांधार घ्यावा. शुद्ध गांधार २५० वर असता तर वजाबाकी ५० आली असती आणि दोन सप्तके खालचा षड्ज सापडला असता, पण समान विभागणीच्या पडद्यांवर बसवलेला गिटारचा गांधार २५२ च्या जवळ पडतो (पेटीवरच्या गांधाराबद्दल आपल्याकडचे गायक पूर्वापार हीच तक्रार करत आले आहेत), त्यामुळे वजाबाकी ५२ येते, आणि तो ना षड्ज ना कोमल रिषभ असा भलताच स्वर कॉर्डच्या तळाशी घरघरत राहतो. जॅझमधल्या कॉर्डमध्ये गांधाराच्या जोडीला निषाद, वरचा रिषभ, कधी धैवतही असतो. सहा तारांवर सहा स्वर वाजले तर त्यांच्या पंधरा जोड्या होतात आणि प्रत्येक जोडी आपली बेरीज-वजाबाकी घेऊन येते. जॅझ वादकाला स्वच्छ अ‍ॅम्प लागतो तो या चिखलातून सुटण्यासाठी. त्याचा सभ्यपणाशी काही संबंध नाही. क्लबातल्या आवाजाच्या पातळीला तो ट्विनच्या ताकदीचा एखाददुसरा अंशच वापरतो, पण उरलेला भाग राखीव असतो म्हणूनच त्याचे स्वर एकमेकांत कालवले जात नाहीत.

पेडल स्टील वाजवणाऱ्याची गोष्ट वेगळी. आडव्या ठेवलेल्या तारांवर लोखंडी कांडी सरकवून वाजवायच्या या वाद्यात वादकाचा उजवा पाय आवाजाच्या पेडलवर असतो. तार छेडताना तो आवाज थोडा दाबून ठेवतो आणि स्वर विरू लागला की पेडल हळूहळू उघडत जातो, म्हणून स्वर गळ्यातून निघाल्यासारखा लांबत राहतो. या लांबण्यासाठी लागणारी सगळी ताकद अ‍ॅम्पमध्ये शिल्लक असावी लागते, आणि पेडल पूर्ण उघडले असतानाही आवाज फाटून चालत नाही. गंमत अशी की मोठ्या स्वच्छ आवाजाची सर्वांत जास्त गरज ज्यांना होती त्या स्टीलवादकांपैकी पुष्कळांनी १९७० च्या दशकातच व्हॉल्व्ह सोडून ट्रान्झिस्टरचे अ‍ॅम्प जवळ केले, कारण निव्वळ स्वच्छ ताकद हवी असेल तर ती ट्रान्झिस्टरमधून स्वस्त पडते आणि उचलायलाही हलकी असते. १९७५ मध्ये आलेला रोलँड कंपनीचा जेसी-१२० हा ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प तर पुढे मेटल वाजवणाऱ्यांनीसुद्धा आपल्या शांत, स्वच्छ जागांसाठी उचलला.

मग व्हॉल्व्हचा आग्रह कशासाठी, असा प्रश्न उरतो, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर असे की व्हॉल्व्हचा ‘स्वच्छ’ आवाज पुरता स्वच्छ नसतो. मर्यादेच्या बऱ्याच अलीकडेच तो थोडे उपस्वर मिसळू लागतो. तानपुऱ्याची जवारी किंचित उघडली की तारेचा मूळ स्वर न बदलता तिच्याभोवती झळाळी येते, तसाच काहीसा हा प्रकार आहे. त्यात फेंडरच्या टोन नियंत्रणाची रचनाच अशी की मधल्या पट्टीतला, साधारण ४०० ते ५०० कंपनांचा भाग ती खाली दाबते, आणि खर्ज व तार यांच्यामध्ये गायकासाठी आपोआप जागा मोकळी होते. ट्रेमोलोची करामत तर उघडून पाहण्यासारखी आहे. काळ्या वेष्टनात एक चिमुकला निऑन दिवा आणि त्याला चिकटून प्रकाशानुसार रोध बदलणारा घटक बसवलेला असतो. दिवा लुकलुकतो तसा रोध खालीवर होतो आणि आवाज हेलकावे घेतो. एवढ्या अवजड, दणकट पेटीतला हा सर्वांत नाजूक भाग, आणि तो आयुष्यभर अंधारात लुकलुकत राहतो.

सर्फ संगीताने या ताकदीची वेगळीच परीक्षा घेतली. बाल्बोआच्या रांदेव्हू बॉलरूममध्ये वाजवणारा, लेबनीज वडिलांचा मुलगा डिक डेल जाड तारांवर इतक्या वेगाने आणि जोराने आघात करी की लिओ फेंडर यांनी दिलेले अ‍ॅम्प आणि स्पीकर एकामागून एक निकामी होत. त्यातूनच शोमन हा अ‍ॅम्प आणि त्याच्या जोडीचा पंधरा इंची स्पीकर असा संच आकाराला आला. पुढे इंग्लंडमध्ये जिम मार्शल यांनी फेंडरच्याच बासमन या अ‍ॅम्पच्या आराखड्यावरून आपला अ‍ॅम्प बनवला आणि तो मुद्दाम फाडण्याची चाल पडली, तरी त्याच देशात हायवॉटचा शंभर वॅटचा डीआर१०३ हा मोठ्या आवाजातही स्वच्छ राहणारा अ‍ॅम्प पीट टाउनशेंड आणि डेव्हिड गिल्मर या रॉक गिटारवादकांनी निवडला. गिल्मरच्या बाबतीत कारण सहज दिसते: फाटलेपणा पायाखालच्या पेडलमधून आणायचा ठरले की अ‍ॅम्पने त्यात स्वतःची भर घालू नये एवढीच अपेक्षा उरते, आणि आज पेडलांची मोठी रांग मांडणारा कोणताही वादक याच कारणासाठी स्वच्छ अ‍ॅम्प शोधत असतो. ब्लूजवाल्याने मात्र ट्विन घेऊ नये. त्याला बोटांच्या दाबावर आवाज फाटायला आणि पुन्हा निवळायला हवा असतो, आणि ट्विनमध्ये ती सीमा ज्या पातळीला येते तिथे सभागृहातली माणसे उठून बाहेर गेलेली असतात.

भारतात आयात परवान्यांच्या काळात असा अ‍ॅम्प आणणे सोपे नव्हते. हॉटेलांतले बँड आणि ऑर्केस्ट्रांतले गिटारवादक पुष्कळदा सभासमारंभांसाठी बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरवरच भागवत. व्हॉल्व्ह मात्र इथेही बनत, आणि बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने व्हॉल्व्ह आता हौशी लोक शोधत फिरतात. अमेरिकेतून जुना ट्विन आणणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी: स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरने २३० व्होल्टचे १२० होतात, पण ५० हर्ट्झचे ६० होत नाहीत, आणि ६० हर्ट्झसाठी बेताने गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर इथे जास्त तापतो. शिवाय आतले कपॅसिटर अ‍ॅम्प बंद केल्यावरही चारशेच्या वर व्होल्ट धरून बसू शकतात, तेव्हा झाकण उघडण्याचे काम जाणकारावर सोपवलेले बरे.

फेंडर कंपनी १९६५ मध्ये सीबीएसने विकत घेतली, ट्विनला १९७२ मध्ये मास्टर व्हॉल्यूमची कळ आली, दशकाच्या अखेरीस ताकद १३५ वॅटपर्यंत गेली, आणि १९८२ मध्ये हे मॉडेल बंद पडले. १९९० च्या दशकाच्या आरंभी त्याची जुन्या धर्तीवरची आवृत्ती आली, ती अजून विकली जाते. तिचे वजन सुमारे २९ किलो आहे. पंचविशीत हा आकडा कोणी विचारात घेत नाही, आणि पन्नाशीत निवडीचे सगळे निकष त्याच्यापासून सुरू होतात. २०१९ मध्ये आलेली, व्हॉल्व्हचे वर्तन संगणकीय पद्धतीने उभे करणारी आवृत्ती साधारण १५ किलोची आहे, आणि तिच्या खपामागे आवाजाच्या साम्याइतकाच पाठीच्या कण्याचाही वाटा असणार. रंगमंचावर आता बहुधा प्रत्येक अ‍ॅम्पपुढे मायक्रोफोन असतो, त्यामुळे सभागृह भरण्याची जबाबदारीही अ‍ॅम्पवर उरलेली नाही. तरीही जुना ट्विन विकायला मन न होणारे वादक घरात तो वाजवता यावा म्हणून चारांपैकी दोन मोठे व्हॉल्व्ह, लहरीच्या दोन्ही भागांतला एकेक, काढून ठेवतात आणि रोध जुळावा म्हणून एका स्पीकरची तार सोडवतात. ताकद त्यामुळे निम्मी होते. आवाज ३ डेसिबलने, फार तर त्याहून थोडा अधिक, उतरतो, आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना तो फरक सहसा कळत नाही.